ग्रेट ओशन रोड की कॅलिफोर्नियाचा हायवे वन? पोरं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर

फोटो बघून ठरवायला बसलात तर कधीच ठरणार नाही. दोन्हीकडे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली फुटणारा समुद्र, मधून वळत जाणारा दोन लेनचा रस्ता, आणि दोन्हीकडे ड्रायव्हर सोडून गाडीतले बाकी सगळे "अगं ते बघ ते बघ" करत असतात. त्यामुळे सीनरी कुठली भारी हा वाद सोडा आणि गाडीत कोण कोण बसणार आहे ते बघा, निकाल तिथेच लागतो. सहा वर्षांचं पोरगं आणि सत्तरीतली आजी असेल तर ऑस्ट्रेलिया. पोरं दहा-बाराच्या पुढची असतील आणि हातात मोकळा आठवडा असेल तर कॅलिफोर्निया. आता का ते सांगतो.

ग्रेट ओशन रोड म्हणजे व्हिक्टोरिया राज्यातला टॉर्कीपासून अॅलन्सफर्डपर्यंतचा २४३ किलोमीटरचा रस्ता, मेलबर्नहून टॉर्की साधारण शंभर किलोमीटर. परत येताना समुद्राकाठूनच यायची गरज नसते, पोर्ट कॅम्पबेलहून आतल्या रस्त्याने कोलॅकमार्गे तीनेक तासांत मेलबर्न, म्हणजे गाडी जिथून भाड्याने घेतली तिथेच परत. हायवे वनचं तसं नाही. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस किनाऱ्याने जायचं तर सातशे किलोमीटरच्या आसपास होतात आणि गाडी दुसऱ्याच शहरात सोडायची, त्याचा वेगळा चार्ज बऱ्याचदा लागतो, तो बुकिंग करतानाच बघून घ्या.

दिवसांचं गणित यावरूनच लागतं. ऑस्ट्रेलियात दोन रात्री तीन दिवस आरामात पुरतात, एक रात्र लॉर्न नाहीतर अपोलो बे, एक पोर्ट कॅम्पबेल. मेलबर्नहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या बस टूर असतात, पण पोरं घेऊन त्या करू नका, सगळा दिवस सीटवर जातो आणि ट्वेल्व्ह अपॉस्टल्सला (समुद्रात उभे असलेले उंच दगडी सुळके) पोचेपर्यंत सगळ्यांची तोंडं वाकडी झालेली असतात. कॅलिफोर्नियात चार रात्री तरी हव्यात, मॉन्टेरेला दोन, सॅन सिमियनच्या आसपास एक, सँटा बार्बराला एक, आणि तरी काहीतरी राहिलं म्हणून चुटपुट लागतेच.

गाडी लागण्याचा प्रश्न दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की ऑस्ट्रेलियात सगळ्यात जास्त वळणांचा लॉर्न ते अपोलो बे हा तुकडा ४५ किलोमीटरचा आहे, तासाभरात संपतो, मध्ये वाय रिव्हर आणि केनेट रिव्हर अशी दोन छोटी गावं लागतात. केनेट रिव्हरला तर थांबाच, तिथे निलगिरीच्या झाडांवर जंगली कोआला बसलेले दिसतात, मान वर करून शोधायचं काम पोरांना दिलं की उलटी-बिलटी सगळं विसरतात. अपोलो बेच्या पुढे रस्ता ओटवेच्या जंगलात शिरतो, वळणं तिथेही आहेतच, पण सावली असते आणि मेट्स रेस्टला रेनफॉरेस्टमधली छोटीशी पायवाट आहे, पाय मोकळे करायला एकदम बेस्ट. आणि बहुतेक गावांत समुद्राला लागून गवत, झोपाळे, सार्वजनिक टॉयलेट. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं, पण मागच्या सीटवरून "मला जायचंय" असा आवाज आला की यापेक्षा महत्त्वाचं जगात काही नसतं.

हायवे वनवरच्या बिग सर या तुकड्याला नेमकं हेच नाही. कार्मेल सोडलं की सॅन सिमियनपर्यंत जवळजवळ दीडशे किलोमीटर रस्ता कड्याला चिकटून जातो, मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, पेट्रोल पंप मोजके आणि महाग, टॉयलेट शोधावं लागतं. नकाशा आधीच डाउनलोड करा, टाकी कार्मेललाच भरा. पण खरं सांगायचं तर नुसत्या रस्त्याचा थरार बघितला तर हा तुकडा ग्रेट ओशन रोडला मागे टाकतो, १९३२ चा बिक्सबी ब्रिज, पुढे मॅकवे फॉल्स जो थेट किनाऱ्यावरच्या वाळूत पडतो (तो वरूनच बघायचा, खाली उतरायला परवानगी नाही), आणि धुकं हटलं की खाली दिसणारा तो निळा रंग. टीनएजर पोरंसुद्धा फोनमधून डोकं वर काढतात.

गाडी चालवणाऱ्यासाठी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं आणि मेलबर्नहून निघालात की समुद्रही डावीकडे, म्हणजे व्ह्यूपॉइंट आला की सरळ बाजूला घेतली गाडी. कॅलिफोर्नियात उजवीकडून चालवायचं आणि उत्तरेकडून दक्षिणेला आलात तर समुद्र उजवीकडे, तिथेही तेच सुख. उलट दिशेने आलात तर दर वेळी समोरचा ट्रॅफिक कापून वळावं लागतं, म्हणून दोन्हीकडे दिशा हीच ठेवा. उजवीकडून पहिल्यांदाच चालवणार असाल तर ते बिग सरच्या कड्यावर शिकू नका, दोन दिवस सपाट रस्त्यावर हात बसू द्या. कॅलिफोर्नियात तुमच्यामागे पाच किंवा जास्त गाड्या अडकल्या की टर्नआउटमध्ये (रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत) बाजूला होऊन त्यांना जाऊ देणं हा कायदाच आहे, आणि ऑस्ट्रेलियातही असे स्लो व्हेइकल टर्नआउट आहेत, लाज न बाळगता वापरा. संध्याकाळी अंधार पडताना ऑस्ट्रेलियात कांगारू आणि वॉलबी रस्त्यावर येतात, तेव्हा उजेडातच मुक्काम गाठा. चाइल्ड सीट दोन्हीकडे सक्तीची, व्हिक्टोरियात सात वर्षांखालच्यांना, कॅलिफोर्नियात आठ, मांडीवर घेऊन बसतो वगैरे विसरा.

पोरांना काय आवडेल? ट्वेल्व्ह अपॉस्टल्स बघून मोठे खूश होतात, पोरं पाच मिनिटांत "झालं का" विचारतात, तेव्हा त्यांना सांगायचं की नाव बारा असलं तरी आता आठच उरलेत, एक तर २००५ मध्ये बघता बघता कोसळला, चुनखडकच तो, समुद्र रोज थोडा थोडा खातोय. त्याच्याही पुढे लंडन आर्च, आधी त्याचं नाव लंडन ब्रिज होतं, १९९० मध्ये किनाऱ्याकडची कमान पडली आणि दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले, शेवटी हेलिकॉप्टरने काढलं त्यांना. ही गोष्ट तिथे उभं राहून सांगितली की पोरं कठडा सोडत नाहीत. लॉक आर्ड गॉर्जही चुकवू नका, १८७८ मध्ये तिथे जहाज फुटलं आणि चोपन्न जणांतले फक्त दोघं वाचले, दोघंही कोवळ्या वयाचे. खाली वाळूपर्यंत पायऱ्या आहेत, आजीचे गुडघे बोलत असतील तर वरूनही छान दिसतं.

कॅलिफोर्नियाची बाजू इथे मजबूत आहे, कबूल करतो. मॉन्टेरे बे अॅक्वेरियम म्हणजे अख्खा अर्धा दिवस, समुद्री पाणमांजरं आणि केल्पची (समुद्री शेवाळाची) तीन मजली उंच टाकी, पाऊस पडला तरी काही बिघडत नाही. आणि सॅन सिमियनजवळ पिएद्रास ब्लांकासला किनाऱ्यावर लोळणारे एलिफंट सील, लाकडी सपाट फळ्यांवरून चालत जाऊन बघायचे, व्हीलचेअरही जाते, तिकीट नाही. दोन टनांचे नर एकमेकांवर डुरकत असतात, वासही येतो. तिथलाच हर्स्ट कॅसल हा जुना महाल मात्र लहान पोरं असतील तर सोडा.

पोहायला म्हणून कुठेच जाऊ नका, दोन्हीकडे पाणी गार आणि लाटा दांडग्या. ऑस्ट्रेलियात निदान उन्हाळ्यात लॉर्न, अपोलो बेला लाइफसेव्हर असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं.

सीझनमुळे मात्र सगळं उलटंपालटं होऊ शकतं. मे-जूनमध्येच सुट्टी असेल तर व्हिक्टोरियात हिवाळा तोंडावर, पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, वारा बोचरा, पण गर्दी कमी आणि जूनपासून अॅलन्सफर्डच्या पलीकडच्या वॉर्नाम्बूलला व्हेल दिसायला लागतात. त्याच वेळी कॅलिफोर्नियात आठपर्यंत उजेड, पण किनाऱ्यावर दुपारपर्यंत धुक्याची चादर, समोर समुद्र आहे हे ऐकू येतं, दिसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला तिथलं आकाश सगळ्यात मोकळं, जमलं तर तेव्हाच जा. डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलियात भर उन्हाळा आणि तिथल्या शाळांना सुट्टी, लॉर्नला खोली मिळणं कठीण, खूप आधी बुक करा. राहायला हॉलिडे पार्कमधली केबिन घ्या, स्वयंपाकघर असतं, वरण-भात लावता येतो आणि आजी खूश.

कॅलिफोर्नियाचा हिवाळा म्हणजे पाऊस आणि पाऊस म्हणजे दरडी. २०१७ च्या मे महिन्यात मड क्रीकला अख्खा डोंगर रस्त्यासकट समुद्रात गेला, रस्ता पुन्हा सुरू व्हायला २०१८ चा जुलै उजाडला, आणि त्यानंतरही बिग सरमध्ये रस्ता परत परत बंद पडलाय. मध्येच बंद असला की आतल्या हायवे १०१ वरून मोठा वळसा. ऑस्ट्रेलियातही सगळं गोड नाही, २०१५ च्या ख्रिसमसला वाय रिव्हरजवळ वणव्यात शंभरच्या वर घरं जळाली, उन्हाळ्यात जाणार असाल तर व्हिकइमर्जन्सीचं (व्हिक्टोरियातले आपत्तीचे इशारे देणारं) अॅप फोनमध्ये हवंच. कॅलिफोर्नियासाठी कॅलट्रान्सचा (तिथल्या रस्ते खात्याचा) क्विकमॅप बघा, कुठला रस्ता बंद आहे ते कळतं, आणि तो बघायच्या आधी बिग सरचं नॉन-रिफंडेबल हॉटेल बुक करू नका.

व्हिसाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, अमेरिकेसाठी इंटरव्ह्यूची तारीख मिळवावी लागते. तारीख सुट्टीच्या आत मिळत नसेल तर वरचं सगळं वाचायची गरजच नव्हती, मेलबर्नचं तिकीट काढा.