तिसऱ्या बेसचा थ्रो: बॅटरच्या पुढून की मागून?

सॉफ्टबॉलचा सामना, रनर दुसऱ्या बेसवर, बॅटर उजव्या हाताची. पिचरच्या हातून बॉल सुटला रे सुटला की रनर तिसऱ्याकडे पळत सुटते. तिला आऊट करायला बॅटरमागे बसलेल्या कॅचरने बॉल तिसऱ्या बेसवर फेकायचा असतो, आणि कॅचर आणि तिसरा बेस यांच्या बरोबर मधे बॅटर उभी. थ्रो तिच्या पुढून काढायचा की मागून? शाळेत नवी कॅचर तयार करणारे पीटीचे सर आणि बाई भेटले की हा विषय निघतोच. मी स्वतः बरीच वर्षं कॅचर होतो, आता फोंड्याजवळ शाळेच्या मुलींना शिकवतो. दोन्ही वाटांनी फेकून झालंय. माझा कल कुठे आहे ते थोड्या वेळात कळेलच, पण आधी पुढच्या वाटेची बाजू मांडतो, कारण ती खरंच आकर्षक आहे.

पुढून जायचं म्हणजे बॉल मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या जाड हातमोज्यात, आला की उजवा पाय होम प्लेटच्या (बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) दिशेने टाकायचा, डावा तिसऱ्याकडे, आणि हात मोकळा. शरीर आधीच पुढे चाललेलं असतं, त्यामुळे थ्रोला जोर आपोआप येतो. होम ते तिसरा बेस अंतर 60 फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटरच्या आसपास. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला हा जोर फुकटात मिळत असेल तर कोण सोडेल? बॉल बाहेरच्या बाजूला, म्हणजे बॅटरपासून लांब पडला असेल तर पुढची वाट जवळजवळ सरळच असते. तिथे माझं काही म्हणणं नाही.

मागून जायचं तर उजवा पाय डाव्या टाचेच्या मागे सरकवायचा, डावा खांदा तिसऱ्याकडे वळवायचा आणि बॅटरच्या पाठीमागून फेकायचं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात मुली सुरुवातीला देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारख्या बॅटरला वळसा घालतात, तीन-तीन पावलं खर्च करतात, आणि तोवर रनर बेसवर उभी राहून पायमोजे वर ओढत असते. दुसरी खोड हात खाली आणण्याची. वळताना कोपर पडलं की थ्रो बाजूने सुटतो आणि उजवीकडे, म्हणजे शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूच्या) अंगाला वळतो, नेमका घसरत येणाऱ्या रनरच्या दिशेने. शिवाय बॅटरने स्विंग केला असेल तर बॅट फिरून तिच्या पाठीमागेच येते. हेल्मेट नीट न बांधलेल्या कॅचरला ही वाट मी शिकवत नाही. म्हणजे मागची वाट निर्धोक आहे असं मी मुळीच म्हणत नाही.

तरीही मी मागचीच शिकवतो. कारण आहे चुना.

आमची मैदानं लाल मातीची, बरीचशी मुळात फुटबॉलची. सकाळी सामन्याआधी लाकडी चौकट ठेवून बॅटर्स बॉक्स, म्हणजे बॅटरची उभं राहायची जागा, आखला जातो, तीन फूट रुंद आणि सात फूट लांब. भोकं पाडलेल्या डब्यातून चुना पडतो, रेषा कशा पांढऱ्याशुभ्र. पहिल्या इनिंगला बॅटर येते, मागच्या पायाने खड्डा करते आणि मागची रेषा जाते. दुसऱ्या इनिंगला प्लेटच्या बाजूची. गणेश चवथीच्या दिवसांत पावसाची एखादी सर येऊन गेली की तिसऱ्या इनिंगपर्यंत तिथे लाल चिखल आणि त्यात पांढरट दूध सांडल्यासारखा एक डाग, एवढंच उरतं.

आता नियम बघा. बॅटर बॉक्सच्या बाहेर येऊन कॅचरच्या थ्रोच्या आड आली तर इंटरफिअरन्स, म्हणजे अडथळ्याचा दोष. बॉक्समध्ये राहून मुद्दाम आडवी आली, तरी इंटरफिअरन्स. पण बॉक्समध्ये गप्प उभी असेल तर तो तिचा हक्क आहे, हवेत विरघळून जाण्याची तिच्यावर सक्ती नाही. (होम प्लेटवरच खेळ चालू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बॉक्स म्हणजे अभय नव्हे.) म्हणजे पुढून फेकणाऱ्या कॅचरचं नशीब त्या रेषेवर लटकलेलं, आणि ती रेषा चिखलात गेलेली.

एका आंतरशालेय सामन्यात आमच्या कॅचरने पुढचं पाऊल टाकलं. बॉल आतल्या बाजूला, म्हणजे बॅटरच्या अंगाजवळ आला होता, त्यामुळे वाट मुळातच अरुंद. बॅटर हुकलेल्या स्विंगच्या झोकात प्लेटवर कलंडली. थ्रो तिच्या कोपराला लागला आणि बॉल तिसऱ्या बेसच्या फाउल लाइनपलीकडे, नारळाच्या झाडाच्या बुंध्याशी. दोन रन घरी. आमच्या मुली एका सुरात ओरडल्या, "सर, ती बाहेर आली!" अंपायर आले, वाकले, चपलेने खुणा शोधाव्यात तशी बुटाच्या टोकाने माती चाचपली आणि शांतपणे म्हणाले, "रेषाच नाही, तर बाहेर कुठून म्हणू?" मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. सामना एका रनने गेला.

त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना हिशेब केला. समजा कौल आमच्या बाजूने गेला असता, तर काय मिळालं असतं? बॉल डेड, बॅटर आऊट, आणि रनर परत दुसऱ्या बेसवर. म्हणजे पळालेली रनर तशीच शिल्लक. मागून नीट थ्रो गेला असता तर तीच रनर आऊट होण्याची संधी होती, आणि कुणाला काही विचारावं लागलं नसतं. काही प्रशिक्षक कॅचरला सांगतात, "बॅटरच्या अंगावर मार, कौल मिळेल." त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा असेलही. पण समोर शाळकरी मुलगी असते, आणि सॉफ्टबॉल नावापुरताच सॉफ्ट आहे.

मागच्या वाटेला वेळ जास्त लागतो, हे मला मान्य. मी कधी घड्याळ लावून मोजलं नाही. माझं माप एवढंच: मिटमध्ये बॉल वाजल्यापासून मनात "एक-दोन" म्हणायचं, "दोन"ला बॉल हातातून सुटलेला हवा. पुढून गेलं तर माझ्या मुली "दोन"च्या जरा आधी सोडतात, मागून जरा नंतर. सरावाने ते "जरा" कमी होतं. आम्ही पावलाच्या जागी जमिनीत करवंटी उपडी ठेवतो. उजवा पाय तिला न लागता डाव्या टाचेमागे पडला पाहिजे. करवंटी वाजली की पुन्हा पहिल्यापासून. हा सराव मिटही न घालता घरच्या अंगणात होतो, त्यामुळे पावसाळ्यात मैदान बंद असतानाही खाडा पडत नाही.

तुमचं मैदान पक्कं असेल, रेषा शेवटच्या इनिंगपर्यंत टिकत असतील आणि कॅचरचा हात मुळात कमजोर असेल, तर पुढची वाट आधी शिकवायला हरकत नसावी. माझ्या सध्याच्या कॅचरने यातून स्वतःचाच तोडगा काढलाय: बॉल बाहेर पडला की पुढून, आत किंवा मधोमध आला की मागून. मी सांगितलं होतं, मधोमध असेल तर कुठूनही चालेल. ती म्हणाली, "नको सर, तिथे विचार करत बसले की दोन्ही वाटा जातात." यावर मी वाद घातला नाही.

डावखुरी बॅटर आली की तिसऱ्याकडची वाट मोकळी होते आणि हा प्रश्न उरत नाही. मग तीच बॅटर पहिल्या बेसच्या थ्रोच्या आड येते, आणि तिथे मागची वाट मला स्वतःला अजून धड जमलेली नाही.