लाकडी पेलेट्सचं बेडिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

घोड्यांच्या ठाणांमध्ये बेडिंग, म्हणजे अंथरूण, म्हणून गव्हाचं काड काढून लाकडी पेलेट्स घालायला लागून आता बरेच महिने झाले. कोरडे आणि दमट, दोन्ही प्रकारचे दिवस पाहून झालेत, म्हणून लिहितो आहे. रोजच्या ठाणांसाठी मी पुन्हा काडाकडे जाणार नाही. व्यायला आलेल्या घोडीचं ठाण मात्र काडाचंच राहील.

बदल केला तो खोकल्यामुळे. आमचा एक आखता (खच्ची केलेला) घोडा काम सुरू केलं की खोकायचा, नाकातून पांढरट स्राव यायचा. काड दिसायला सोनेरी असलं तरी त्यात धूळ आणि बुरशीचे बीजाणू असू शकतात, आणि ठाणातला घोडा चारा शोधत तासन् तास नाक जमिनीलगत ठेवतो. दारात उभं राहून आपल्याला येणारा वास आणि त्याच्या नाकाशी असलेली हवा यांत फार फरक असतो. कुठलंही बेडिंग पारखायचं तर ठाणात उकिडवं बसा आणि तिथे श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तळाशी अमोनिया साठतोय. शिंगरू तर झोपतं तिथेच.

पाचशे किलोच्या आसपासचा घोडा दिवसाला साधारण 20 किलो लीद टाकतो आणि 8-10 लिटर मुततो. त्या मुतातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. काड मूत फारसं धरून ठेवत नाही, खाली जाऊ देतं. उताराची, निचऱ्याची जमीन असेल तर ते चालतं. आमच्याकडे सपाट रबर मॅट आहेत, तिथे वरून कोरडं आणि खाली डबकं अशी अवस्था व्हायची. त्यात खुराच्या तळाचा त्रिकोणी मऊ भाग काळा पडून घाण वास मारू लागतो, म्हणजे थ्रश.

पेलेट्स म्हणजे लाकडाचा भुसा वाळवून, दाबून केलेल्या कांड्या. बारा बाय बारा फुटांच्या ठाणाला सुरुवातीला मी 100 ते 120 किलो घालतो. कांड्या पसरायच्या, झारीने पाणी शिंपडायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. त्या फुलून मऊ भुसा होतात. चिखल होईल इतकं पाणी नको, अर्ध्याअधिक कांड्या फुटल्या की पुरे, उरलेल्या पायांखाली फुटतात. हे होईपर्यंत घोडा बाहेरच ठेवा. कोरड्या कांड्या खुराकासारख्या दिसतात आणि खादाड घोडा तोंड घालतोच. शेगडीत जाळायच्या पेलेट्स तशाच दिसतात, पण त्यात कुठलं लाकूड आणि काय मिसळलंय याची खात्री नसते. त्या घेऊ नका.

रोजची सफाई हा खरा फायदा. बारीक दातांच्या फावड्याने लीद उचलली की भुसा गाळून खाली पडतो. मुताची जागा गडद होऊन एका ठिकाणी गोळा होते, तेवढीच काढायची. काडाच्या मानाने बाहेर जाणारा ढीग खूपच कमी झाला आणि मोतद्दारांची पाठही सुटली. आखत्याचा खोकला आता जवळजवळ नाही. पण त्याचं श्रेय एकट्या पेलेट्सना देणार नाही, कारण त्याचं वाळलं गवतही आम्ही भिजवून द्यायला लागलो आणि शेजारच्या ठाणातलं काडही काढलं. हवा तर दोघांची एकच असते.

उणिवाही आहेत. कोरड्या हवेत हा भुसा पिठासारखा होतो आणि उडतो. शिंपडणं टाळलं तर काडापेक्षा वाईट. दुसरी उणीव मला जास्त महत्त्वाची वाटते. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ स्वप्नझोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. पातळ थरावर आमची म्हातारी घोडी आडवी होईना. तिच्या ठाणात थर वाढवला, भिंतींलगत उंच बांध घातला, तेव्हा सकाळी तिच्या कुशीला भुसा चिकटलेला दिसू लागला. तुमचा घोडा आडवा होतो की नाही, हे पाहत जा. पुढच्या गुडघ्यांवर किंवा त्याखालच्या सांध्यांवर समोरून खरचटलेलं दिसलं, तर तो उभ्याने झोपेत कोसळत असण्याची शक्यता आहे.

रंध्याची सालपटं हा चांगला मधला पर्याय, मऊ आणि सहज फुलणारा. फक्त लाकूड कोणतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. काळ्या अक्रोडाची सालपटं ठाणात आली तर घोड्याला एका दिवसाच्या आत लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा वेदनादायक दाह, होऊ शकतो. सुतारकामाच्या मिश्र कचऱ्याला म्हणूनच मी हात लावत नाही. जमिनीवर चारा टाकत असाल तर वाळूही नको, ती पोटात साठून पोटशूळ होतो.

आता काडाची बाजू. नुकतं जन्मलेलं शिंगरू ओलं असतं. भुसा त्याच्या अंगाला, नाकपुड्यांना आणि नाळेच्या ओल्या टोकाला चिकटतो, लांब काड चिकटत नाही. म्हणून व्यायच्या ठाणात स्वच्छ, कोरडं, बिनबुरशीचं काड, तेही भरपूर. काड खाणाऱ्या घोडीपुढे चांगलं गवत सतत ठेवायचं, नाहीतर ती अंथरूणच संपवते आणि आतडं तुंबायची भीती असते.

खत करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लाकडी भुशात कर्बाचं प्रमाण फार जास्त असतं, त्यामुळे तो कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो. काड-लिदीचा ढीग त्याहून लवकर कुजतो. भुशाच्या ढिगात हिरवा पाला मिसळा, ओल टिकवा, उलथत राहा, आणि पूर्ण कुजल्याशिवाय शेतात टाकू नका.