प्रोसेसरचे काउंटर वाचायचे आहेत: जुना कर्नल पॅच ओढत न्यायचा, मॉड्यूल लिहायचं, की सरळ पर्फवर जायचं?

लॅबच्या कोपऱ्यातल्या मशीनवर ४.४ चा लिनक्स कर्नल आहे. त्यात कुठल्या तरी जुन्या बॅचने घातलेला एक सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडून काम करून घ्यायचा ठरलेला दरवाजा) आहे. तो प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर (सायकल, इन्स्ट्रक्शन, कॅश-मिस अशा घटना मोजणारी रजिस्टरं) चालू करतो आणि आकडे युझर प्रोग्रामच्या हातात देतो. आता नवीन मशीन आलं, त्यावर ६ च्या मालिकेतला कर्नल आहे, आणि सांगण्यात आलंय की "तोच कोड जरा अपडेट करून द्या". कॉलेजची लॅब असो, नागपुरातला परसोडीचा आयटी पार्क असो की मिहान, हे "जरा" सगळीकडे महागात पडतं.

रस्ते चार आहेत. पॅच नव्या कर्नलवर आणणं, तेच काम वेगळ्या मॉड्यूलमध्ये (चालू कर्नलला नंतर जोडता येणाऱ्या तुकड्यात) नेणं, कर्नलमध्ये २००९ पासून असलेल्या पर्फ या मोजणी-यंत्रणेचा पर्फ इव्हेंट ओपन हा सिस्टिम कॉल वापरणं, किंवा त्याच्याच जोडीला युझर प्रोग्राममधून आरडीपीएमसी ही काउंटर वाचणारी इन्स्ट्रक्शन थेट चालवणं. आमचं मत आधीच सांगतो: दहापैकी नऊ जणांना तिसरा रस्ता पुरतो. पॅच का सोडावा, ते मात्र नीट समजून घ्या, कारण वेळ सगळ्यात जास्त तिथेच जातो.

पॅच नव्या कर्नलवर आणायचा तर

पहिला अडथळा फंक्शनच्या व्याख्येचा. जुन्या कोडमध्ये सिस्टिम कॉल साध्या फंक्शनसारखा लिहिलेला असतो. ४.१७ पासून ६४-बिट एक्स८६ वर सगळे आर्ग्युमेंट रजिस्टरांच्या एका स्ट्रक्चरमधून येतात, आणि ते उलगडून देण्याचं काम 'सिस्कॉल डिफाइन' मॅक्रो करतो. मॅक्रो न वापरता जुनं फंक्शन तसंच ठेवलं, तर ६ च्या कर्नलवर प्रत्येक फाइल बिनतक्रार कंपाइल होते आणि अगदी शेवटी, सगळं जोडून व्हीएमलिनक्स ही कर्नलची अंतिम फाइल बनताना, लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून हात वर करतो. डिस्ट्रोची कॉन्फिग जशीच्या तशी घेतली असेल, तर चार कोरच्या मशीनवर ही ओळ दिसायला तास सहज जातो. बिल्ड लावून तर्री-पोहे खाऊन परत या, स्क्रीनवर हीच एरर. म्हणून मोठा बिल्ड लावण्याआधी 'लोकलमॉडकॉन्फिग'ने मॉड्यूल कमी करा. त्या वेळी पेनड्राइव्ह, वायफाय डोंगल, जे जे लागणार आहे ते जोडून ठेवा. जे त्या क्षणी लोड नसतं ते यादीतून गळतं. उबुंटूची कॉन्फिग घेतली असेल तर 'सिस्टिम ट्रस्टेड कीज'ची किंमत रिकामी करा, नाहीतर बिल्ड सर्टिफिकेटच्या फाइलवर अडकतो.

दुसरा अडथळा प्रत्येक सिस्टिम कॉलला टेबलमध्ये मिळणाऱ्या नंबरचा, आणि तो जास्त फसवा. ४.४ मध्ये शेवटचा नंबर ३२५ होता, म्हणून ३३३ किंवा ३३४ घेणं त्या काळी सुरक्षित वाटलं. ४.१८ मध्ये ३३४ हा नंबर 'आरसेक' या नव्या कॉलला गेला, आणि जीलिबसी (जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम वापरतो ती सी लायब्ररी) २.३५ पासून प्रत्येक थ्रेड सुरू होतानाच तो कॉल करते. टेबलमधली ती ओळ खोडून तुमची घातलीत, तर मशीनवरचा प्रत्येक प्रोग्राम नकळत तुमच्या काउंटरच्या कोडमध्ये शिरेल. ३३५ पासून ४२३ पर्यंत मोकळं मैदान दिसतं, पण तेही भरवशाचं नाही: ६.११ मध्ये ३३५ वापरात आला. यादीतल्या शेवटच्या नोंदीपुढचा नंबर घ्यायचा, आणि पुढच्या आवृत्तीत तोही दुसऱ्याचा झालेला असेल हे धरून चालायचं.

तिसरा अडथळा खुद्द काउंटरांचा. जुना कोड इव्हेंट निवडण्याच्या रजिस्टरांत, म्हणजे हेक्समध्ये १८६ पासूनच्या एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या खास रजिस्टरांत), थेट लिहितो. पर्फला याचा पत्ताच नसतो. तो आपल्या हिशेबाने तीच रजिस्टरं वापरतो आणि दोघांचे आकडे बिघडतात. शिवाय प्रोसेस बदलली की काउंटर जतन करायचं काम जुन्या कोडने केलेलं नसेल, तर तुमच्या आकड्यात शेजारच्या ब्राउझरचंही काम मोजलं जातं. सीआर४ या कंट्रोल रजिस्टरमधला, युझर प्रोग्रामला आरडीपीएमसी चालवू देणारा पीसीई बिट स्वतः चढवून ठेवण्याची युक्तीही ४.० नंतर टिकत नाही. प्रोसेस बदलताना कर्नल तो बिट स्वतःच्या नोंदीप्रमाणे पुन्हा बसवतो. त्यामुळे प्रोग्राम कधी नीट चालतो, कधी मध्येच सेग्मेंटेशन फॉल्ट देऊन पडतो, आणि लॉगमध्ये 'जनरल प्रोटेक्शन' दिसतं.

सिस्टिम कॉल आतून कसा चालतो हे विद्यार्थ्यांना शिकवायचं असेल, तर हा रस्ता जरूर घ्या, व्हर्च्युअल मशीनमध्ये. मोजमापासाठी नको.

मॉड्यूल

कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही, हा मोठा फायदा. मात्र "मॉड्यूलमधून सिस्टिम कॉलचं टेबलच बदलू" हा जुना उपाय आता संपला. टेबलचा पत्ता शोधून देणारं फंक्शन ५.७ पासून मॉड्यूलांना मिळत नाही, आणि ६.९ पासून एक्स८६ चा कर्नल कॉल पाठवताना ते टेबल बघतच नाही. कॅरेक्टर डिव्हाइस (मॉड्यूलने फाइलसारखं दाखवलेलं डिव्हाइस) उघडून आयोक्टल या डिव्हाइसला हुकूम देणाऱ्या कॉलने बोलायचं, हाच सरळ मार्ग. तिथेही किरकोळ दुरुस्त्या लागतात: ५.० मध्ये 'ॲक्सेस ओके'चं पहिलं आर्ग्युमेंट गेलं, ६.४ मध्ये 'क्लास क्रिएट'चं ओनर गेलं.

मॉड्यूलमध्येही एमएसआरला हात लावू नका. कर्नलचंच 'पर्फ इव्हेंट क्रिएट कर्नल काउंटर' वापरा, म्हणजे वाटपाचं भांडण मिटतं. ओव्हरफ्लोही तोच सांभाळतो: ४८ बिटांचा सायकल काउंटर ३ गिगाहर्ट्झला सुमारे २६ तासांत शून्यावर येतो, आणि दिवसाहून लांब चाललेल्या प्रयोगात हे कुणाच्या लक्षात येत नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही करून की नोंदवावी लागेल. ड्रायव्हरच्या आतला कोड मोजायचा असेल तर मॉड्यूल योग्य, एरवी ते ओझंच.

पर्फ, आणि त्यावर आरडीपीएमसी

पर्फ इव्हेंट ओपनचा एक्स८६-६४ वरचा नंबर २९८. जीलिबसीमध्ये त्याला रॅपर नाही, 'सिस्कॉल' फंक्शननेच बोलवायचं. पहिल्याच प्रयत्नात परवानगी नाकारली तर 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड' ही कर्नलची सेटिंग बघा. उबुंटूवर ते ४ असतं. २ वर आणलं की स्वतःच्या प्रोसेसचा युझर भाग मोजता येतो, पण 'एक्सक्लूड कर्नल' १ ठेवायला हवं. कर्नलचा भागही हवा तर १. ५.८ पासून कॅप पर्फमॉन ही वेगळी परवानगी आहे, त्यामुळे यासाठी रूट वाटत फिरायची गरज नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ गटाचा, म्हणजे एकत्रच मोजायच्या इव्हेंटांचा होतो. हायपरथ्रेडिंग चालू असलेल्या इंटेलच्या स्कायलेकवर प्रत्येक थ्रेडला ४ साधे (कुठलाही इव्हेंट मोजणारे) आणि ३ ठरीव (एकच ठरलेला इव्हेंट मोजणारे) काउंटर मिळतात. एका गटात सायकल, इन्स्ट्रक्शन आणि आणखी ४ इव्हेंट मागितले तर कागदावर बसतात. प्रत्यक्षात एनएमआय वॉचडॉगने (कर्नल अडकला का ते पाहणाऱ्या पहारेकऱ्याने) सायकलचा ठरीव काउंटर आधीच घेतलेला असतो, तुमचे सायकल साध्या काउंटरकडे वळतात आणि अख्खा गट बाहेर राहतो. पर्फ स्टॅट 'नॉट काउंटेड' दाखवतो, एरर मात्र येत नाही. मोजमापापुरता वॉचडॉग ० करा. इव्हेंट सुटे मागितले तर कर्नल आळीपाळीने मोजून अंदाज देतो. त्यासाठी 'टाइम एनेबल्ड' आणि 'टाइम रनिंग' दोन्ही वाचत जा. ते सारखे नसतील तर तो आकडा मोजलेला नाही, वाढवून काढलेला आहे.

एकदा वाचायला येणारा खर्च साधारण असा:

| रस्ता | खर्च | कधी |
|---|---|---|
| रीड कॉल | हजार सायकलच्या घरात, कधी जास्त | मिलिसेकंद वा त्याहून मोठे तुकडे |
| आरडीपीएमसी | काही डझन सायकल | फंक्शन, लूपचा एक फेरा |
| मॉड्यूल, आयोक्टल | रीडसारखाच | कर्नलच्या आतलं मोजमाप |

आरडीपीएमसीसाठी इव्हेंट स्वतःच्याच थ्रेडवर उघडा, त्याचं पान एममॅप करा (प्रोग्रामच्या मेमरीत जोडा) आणि त्यातला 'लॉक' आकडा वाचनाआधी व नंतर सारखा आहे का बघा. 'इंडेक्स' ० असेल तर काउंटर सध्या हार्डवेअरवर नाही, तेव्हा रीडकडे जा. नसेल तर इंडेक्समधून १ वजा करून इन्स्ट्रक्शनला द्या, आलेल्या आकड्याला पानावरच्या रुंदीप्रमाणे साइन-एक्सटेंड करा आणि 'ऑफसेट'मध्ये मिळवा. मागेपुढे एलफेन्स (आधीच्या इन्स्ट्रक्शन संपेपर्यंत थांबवणारी इन्स्ट्रक्शन) हवा, नाहीतर प्रोसेसर वाचन इकडेतिकडे सरकवतो. पी (वेगवान) आणि ई (वीज वाचवणारे) कोर असलेल्या इंटेलवर प्रोग्राम टास्कसेटने एकाच प्रकारच्या कोरला बांधा. एआरएम६४ वर ही सोय ५.१७ पासून आहे, पण 'पर्फ यूझर ॲक्सेस' १ करावं लागतं आणि इव्हेंट उघडताना कॉन्फिग१ चा बिट १ चढवावा लागतो.

नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक काळजी. बाहेर ४५ अंश, खोलीत नुसता कूलर, अशात प्रोसेसर तापून वेग कमी करतो. इन्स्ट्रक्शनचा आकडा हलत नाही, पण वेग उतरला की मेमरी तेवढीच लांब असूनही कमी सायकलमध्ये उत्तर देते, आणि कॅश-मिसचा खर्च कागदावर सुधारलेला दिसतो. सायकलसोबत रेफ-सायकल (वेग बदलला तरी ठरलेल्याच गतीने मोजले जाणारे) नेहमी नोंदवा. सकाळचं आणि दुपारचं गुणोत्तर वेगळं आलं, तर थर्मल थ्रॉटलचा काउंट वाढलाय का ते बघा.

आणि कोड उघडण्याआधी बूट लॉगमध्ये 'परफॉर्मन्स इव्हेंट्स'ची ओळ वाचा. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर तिथे अनेकदा 'सॉफ्टवेअर इव्हेंट्स ओन्ली' असतं, म्हणजे होस्टने काउंटर दिलेलेच नाहीत. स्वतःचं केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) असेल तर सीपीयू 'होस्ट' ठेवून ते मिळवता येतात. भाड्याचं असेल तर वरच्या चारही रस्त्यांना तिथे कुलूप आहे.