एमएक्स-५ चं आतलं सामान: जपानहून नवं, इंग्लंडहून जुनं, की बेळगावातच दुरुस्त?

निपाणीच्या एका मित्राच्या घरची जुनी तंबाखूची वखार गेल्या महिन्यात रिकामी केली, तेव्हा ताडपत्रीखालून लाल रंगाची माझदा एमएक्स-५ बाहेर आली, म्हणजे घडी होणाऱ्या टपाची दोन सीटची जपानी गाडी. त्याच्या चुलत्यांनी इंग्लंडहून परतताना आणलेली, १९९१ ची, १.६ लिटर इंजिनची. इंजिन फिरतंय, पत्राही बरा आहे. आत मात्र डॅशबोर्डला भेगा, दारांची पॅनेल फुगलेली, कार्पेटला बुरशी. आमच्या पट्ट्यात अशी दुसरी गाडी माझीच, त्यामुळे फोन मलाच आला. "सगळं ओरिजिनल पाहिजे बघ. कुठनं मागवू?"

आधी ओरिजिनल म्हणजे काय ते ठरवावं. ही गाडी जपानात युनोस रोडस्टर नावाने विकली गेली. १९९० साली तिथे निघालेल्या व्ही-स्पेशल या खास मॉडेलला नार्डी या इटालियन कंपनीचं लाकडी स्टिअरिंग, लाकडी गिअर नॉब आणि टॅन रंगाच्या लेदर सीट होत्या. ते फोटो बघून सगळ्यांचा जीव तिथेच अडकतो. इंग्लंडच्या साध्या मॉडेलला यातलं काहीच नव्हतं. ते बसवलं तर देखणं दिसेल, पण चुलत्यांनी चालवली ती गाडी ही उरणार नाही.

नवं सामान मिळतं, आणि तेही खुद्द कंपनीचं. माझदाने २०१७ साली जाहीर करून पहिल्या पिढीच्या, म्हणजे याच, रोडस्टरसाठी जपानात दुरुस्तीची योजना सुरू केली आणि बंद झालेले काही पार्ट पुन्हा काढले. आपल्याकडे मात्र माझदाने मोटारी कधी विकल्याच नाहीत. लोकांनी हे नाव वाचलं ते स्वराज माझदाच्या ट्रकवर. म्हणून परदेशी विक्रेता आणि कुरियर हाच मार्ग. सीमाशुल्क वस्तूच्या नुसत्या किमतीवर बसत नाही, भाडं आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर बसतं. आणि भाडं खोक्याच्या आकारावर ठरतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक मोठे कुरियरवाले ५००० ने भागतात आणि येईल तेवढे किलो धरतात. डॅशबोर्डचं खोकं १५० बाय ५० बाय ५० धरलं, तर ७५ किलोचं भाडं पडतं. आतल्या प्लास्टिकचं खरं वजन त्याच्या जवळपासही नसतं.

म्हणून माझा नियम असा: मुठीत मावतं ते नवं घ्यायचं. एसीचे नॉब, डॅशबोर्डचे गोल व्हेंट, क्लिपा. गाडीत बसल्यावर बोटं सगळ्यात जास्त तिथेच जातात आणि नकली नॉबचा हलका, पोकळ स्पर्श लगेच कळतो. मागवताना पार्ट नंबर बघा. या पिढीचे बरेचसे नंबर एनए०१ ने सुरू होतात. नुसत्या फोटोवर विसंबू नका.

वापरलेलं ओरिजिनल हा दुसरा पर्याय, आणि मोठ्या वस्तूंसाठी तोच खरा. यात एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सगळीकडे स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. सगळ्यात जास्त सुटे भाग अमेरिकेत दिसतात आणि मोह होतो, पण तिथला डॅशबोर्ड डाव्या स्टिअरिंगचा. तो फुकट मिळाला तरी उपयोग नाही. शिवाय पुढे १.८ लिटर इंजिनची गाडी आल्यावर आतलं बरंच बदललं. मी "९१ ची आहे" या एका वाक्यावर विश्वास ठेवून दाराचं पॅनेल मागवलं आणि ते १.८ चं निघालं. परत पाठवायचा खर्च किमतीपेक्षा जास्त होता, त्यामुळे ते आजही माळ्यावर पडून आहे. आता मी विक्रेत्याकडून पॅनेलच्या मागच्या बाजूचा फोटो मागतो. भोकांच्या जागा खोटं बोलत नाहीत.

कुर्ल्याचा भंगार बाजार किंवा बेंगळुरूच्या शिवाजीनगरची गुजरी यांच्या भरवशावर या गाडीचं काम काढू नका. जी गाडी इथे विकलीच गेली नाही, तिचं भंगार कुठून येणार?

राहिली इथली दुरुस्ती. लोक तिला शेवटचा पर्याय समजतात, मी पहिला समजतो. दाराचं पॅनेल म्हणजे हार्डबोर्डवर चढवलेलं व्हिनिल. आतला बोर्ड पाणी पिऊन फुगतो, व्हिनिल बहुतेक वेळा शाबूत असतं. मी ते वाफेवर धरून हळूहळू सोडवलं, जुना बोर्ड तीन मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायवर ठेवून पेन्सिलने कड आखली, क्लिपांची भोकं पाडली आणि तेच व्हिनिल पुन्हा चिकटवलं. दोन रविवार गेले. पण दाराच्या पत्र्यावरचं पातळ प्लास्टिक आधी नीट चिकटवा. ते फाटलेलं असेल तर जपानहून आलेलं कोरं पॅनेलसुद्धा दुसऱ्या पावसाळ्यात फुगेल.

डॅशबोर्डच्या भेगाही इथेच भरता येतात. भेग व्ही आकारात कापायची, लवचिक फिलर भरायचा, घासायचं, वरून व्हिनिलचा रंग मारायचा. तिरप्या उन्हात जागा ओळखू येते, हे खरं. पण ७५ किलोच्या भाड्यापुढे मला ती चालते.

सीटच्या कापडाने मात्र मला रडवलं. एका कारागिराने माप घ्यायच्या आधीच एका सीटचं जुनं कव्हर फाडून टाकून दिलं. उरलेला तुकडा घेऊन मी शहापूरच्या एका विणकर काकांकडे गेलो. वाटलं होतं, जिथे साड्या विणतात तिथे वीतभर नक्षी जमेलच. काकांनी भिंग लावलं, एक धागा सुईने उचलला आणि म्हणाले, "हे मागावरचं न्हवं, बाळ. ह्यात ताणा-बाणाच न्हाई. बनियनसारखं गुंफलंय." तेव्हा कुठे कळलं की माग बदलून हे कापड निघणार नाही. शेवटी इंग्लंडहून जुन्या सीटची नुसती कव्हरं मागवली. घडी घातली की खोकं लहान होतं. फोम आणि शिवण बेळगावात केली. माझ्या दोन्ही सीट मिळून जेवढा खर्च झाला, त्याहून त्या चुकीच्या पॅनेलचं भाडं जास्त होतं.

म्हणून मित्राला सांगितलं, नॉब आणि व्हेंट नवे घे, सीटची कव्हरं जुनी घे, दारं आणि डॅश इथेच कर, आणि कुणालाही काही फेकू देऊ नकोस. कार्पेट सगळ्यात शेवटी. या गाडीत सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत टपावरचं पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. त्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं, तिथूनच बुरशी. आपल्याकडच्या पावसात नवं कार्पेट एक आषाढ टिकणार नाही. उद्या सकाळी बाटलीभर पाणी घे, एकेका कोपऱ्यात हळू ओत आणि वाकून बघ, मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर धार पडते का. पडली तर मला फोन कर, मग पार्टांची यादी करू.