जुनी ऐरण: आठ महिने घाव घातल्यानंतर

ऐरण आली तेव्हा कंबरेवरचे आकडे बोटांना लागत होते, पण गंजामुळे दिसत नव्हते. तारेच्या ब्रशने घासलं, खडू आडवा फिरवला आणि उमटलं: १ १ ९. विकणाऱ्याने छातीठोकपणे ‘एकशे एकोणीस किलो’ सांगितलं होतं. काट्यावर भरली साडेसदुसष्ट. आधी चरफडलो, पण त्या बिचाऱ्याने फसवलं नव्हतं. जुन्या इंग्रजी ऐरणींवर वजन हंड्रेडवेटमध्ये लिहीत. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा त्याच्या पावाचा म्हणजे २८ चा, तिसरा सुट्या पौंडांचा. ११२, २८ आणि ९ मिळून १४९ पौंड. या पद्धतीत मधला आकडा ३ च्या वर जात नाही आणि शेवटचा २७ च्या वर नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी गफलत टळते.

बाजूला गोलात ‘सॉलिड रॉट’, म्हणजे अंग सगळं घडीव लोखंडाचं. पीटर राइट या जुन्या इंग्रजी कारखान्याच्या ऐरणींवर असा गोल असतो आणि पायांवर पुढेमागे सपाट पायरी असते. माझ्या ऐरणीवर दोन्ही आहे; नाव मात्र झिजून गेलंय.

माथा मधोमध दोनेक मिलिमीटर बसलेला होता. मला तो सपाट करून घ्यायची भारी घाई. एका म्हाताऱ्या लोहारकाकांनी अडवलं. “वरची पोलादाची पाटी बोटभर जाडीची. ती तू घासून काढणार, मग खालच्या मऊ लोखंडावर ठोकत बसणार का? आणि वेल्डिंग करून भरशील तर पोलादाचं पाणी उतरेल, मऊ पडेल, ते वेगळंच.” गप्प बसलो. आता वाकडी पट्टी सरळ करायची तर त्याच खोलगटात धरतो. सरळ करताना पट्टी थोडी उलट्या बाजूला जावी लागते, आणि अगदी सपाट माथ्यावर तिला जायला जागाच नसते.

कडांचंही तेच. शिंगाजवळची, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाजवळची कड झिजून गोल झाली आहे, फोटोत अगदी दरिद्री दिसते. पण धारदार कडेवर खांदा पाडला, म्हणजे पट्टी एका जागी पायरीसारखी बारीक केली, की आतल्या कोपऱ्यात घडी दबते आणि पुढे तिथेच तडा जातो. गोल कडेवर ते होत नाही. छिन्नीचे घाव मात्र जरूर बघा, कुठे आहेत ते. माथा आणि शिंग यांच्यामधली खालची पायरी मऊ असते, कापायचं काम तिथलं. माझ्या पायरीची चाळण झालीय आणि माथ्यावर जेमतेम दोन ओरखडे. आधीचा मालक जाणता होता.

तक्रारी आहेतच. चौकोनी भोक तोंडाशी फाकलंय, त्यात बसवलेली अवजारं डुगडुगतात. पत्र्याची पाचर मारावी लागते. ओंडका मी चार बोटं उंच ठेवला होता, दोन महिने खांदा धरला. सरळ उभं राहून हात खाली सोडला की वळलेली मूठ ऐरणीच्या माथ्याला टेकेल इतकीच उंची हवी. आणि आवाज! कंबरेला जाड साखळी आवळल्यावर तो निम्म्यावर आला. कानांत बोळे तरीही घालतोच.

आवाजावरून ऐरण पारखा, असं जो तो सांगतो. मी एवढा भरवसा ठेवणार नाही. अमेरिकन फिशरच्या ऐरणी बिडाच्या अंगावर पोलादी पाटी बसवलेल्या. त्या जवळजवळ मुक्या, तरी कामाला उत्तम. उलट बेअरिंगची गोळी खोटं बोलत नाही. पंचवीस सेंटिमीटरवरून सोडली तर माझ्या माथ्यावर मधोमध वीसपर्यंत उसळते. नुसत्या बिडाच्या ऐरणीवर ती धप्पकन बसते. मी घेताना गोळी मध्यभागीच टाकून पाहिली, ही माझी चूक. घरी आल्यावर थोड्याथोड्या अंतराने सगळीकडे टाकली, तर मागच्या एका कोपऱ्यात बाराच्या वर येईना, आणि आवाजही भुसभुशीत. तिथे पाटी खालून सुटलेली असणार. त्या कोपऱ्यावर खडूने फुली मारली आहे. पुसट झाली की पुन्हा मारतो.