पारसिक हिलवरचे १० दिवस : एका मेहताजीचा अभिप्राय

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर मी २६ वर्षं मेहताजी, म्हणजे हिशोब लिहिणारा, आहे. त्यामुळे पहाटे चारला उठायचं म्हटल्यावर मला घाम फुटला नाही. ज्यांना फुटतो त्यांनी पुढचं नीट वाचा.

ठिकाण बेलापूरच्या पारसिक हिलवरचं धम्म विपुल केंद्र, विपश्यनेचं म्हणजे मौनात करायच्या ध्यानाचं १० दिवसांचं शिबिर. सीवूड्सला उतरून रिक्षा केली. अर्ज पुतण्याने ऑनलाइन भरून दिला. फी नाही. राहणं-खाणं सगळं आधीच्या साधकांच्या दानातून चालतं, आणि आपलं दानही शिबिर पुरं झाल्यावरच घेतात, तेही द्यावंसं वाटलं तर. आमच्या धंद्यात फुकट माल म्हटला की माणूस आधी गोणी उघडून बघतो. शिवाय मी एकदा पोळलो होतो. वाशीत एका क्लासला साडेचार हजार भरून आठ रविवार ध्यान शिकायला गेलो, तर शेवटची २० मिनिटं पुढच्या मोठ्या कोर्सचीच माहिती, तीसुद्धा आमचे डोळे मिटलेले असताना! इथे तसलं काही नव्हतं.

जायचं कारण बीपी आणि माझं तोंड. गेल्या दिवाळीच्या आधी एका माथाडी पोरावर भर गाळ्यात ओरडलो. संध्याकाळी बघतो तर त्याचं वजन बरोबर होतं, शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत मीच बेरीज चुकलो होतो.

पहिल्या संध्याकाळी मोबाईल, डायरी, पेन जमा. तंबाखूची डबी आमच्या मंडळींनी घरीच काढून घेतली होती. नशा चालतच नाही, त्यामुळे पहिले तीन दिवस डोकं ठणकत होतं ते ध्यानाने की चुन्याच्या आठवणीने, सांगता येणार नाही. मौन म्हणजे खूणसुद्धा करायची नाही. काही अडलं तर व्यवस्थापकांशी आणि आचार्यांशी तेवढं बोलता येतं. बायकांची सोय वेगळी. सकाळी साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण आणि संध्याकाळी पाचला चहा, कुरमुरे, एखादं फळ. रात्रीचं जेवण नाही. मला वाटलं होतं भुकेने झोप लागणार नाही. लागली, आणि घोरलोही असणार, पण मौनामुळे तक्रार कुणी केली नाही.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर, तेवढ्याशा जागेवर लक्ष ठेवायचं. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, जप नाही, मूर्ती नाही. ऐकायला सोपं. मी डोळे मिटले की ओतूरची गाडी लागायची, आवक मोजायचो, भाव किलोला दोन रुपयांनी पाडायचो. दुसऱ्या दुपारी तर २०१४ सालची एक बुडीत उधारी आठवली, १८,४०० रुपये, त्या माणसाच्या शर्टाच्या रंगासकट. दिवसाला दहा तास बसवलं की मन अशी जुनी खाती काढतं.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना. डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय काय होतंय ते बघत जायचं. खाज, घाम, मुंग्या, दुखणं, जे असेल ते. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. मग दिवसातून तीनदा एक-एक तास हात-पाय न हलवता बसायचा निश्चय करायचा, त्याला अधिष्ठान म्हणतात. माझा डावा गुडघा! ३५ मिनिटांनी तो असा पेटायचा की घंटा वाजवणारा विसरला, अशी माझी खात्रीच व्हायची. सहाव्या दिवशी पहिल्यांदा तास निभावला. दुखणं थांबलं नव्हतं, पण ते एका जागी बसूनही राहत नव्हतं. मांडीत सरकायचं, पोटरीत उतरायचं, मध्येच गायब. २६ वर्षांत अंगाकडे एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं.

संध्याकाळी ही विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचं ध्वनिमुद्रित प्रवचन असतं. ते २०१३ साली गेले. मी हिंदीतून ऐकलं. आधी मला वाटलं, रेकॉर्डिंगमधला गुरू कसला? पण माणूस मूळचा ब्रह्मदेशातला व्यापारी, अर्धशिशीने हैराण होऊन १९५५ साली तिथले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेलेला. आणि हे ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल! गुरूचा गुरू हिशोबनीस निघाल्यावर माझा निम्मा संशय गेला.

दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि जेवायच्या जागेत मार्केटपेक्षा जास्त आवाज झाला. अकराव्या दिवशी सकाळी घरी, कोपरखैरण्याला.

आता मुद्द्याचं. शांती मिळाली का, असं मंडळी विचारतात. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने ठरलेल्या भावावरून शब्द फिरवला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पूर्वी त्या गरम होतात हेच मला कळत नसे, थेट तोंड सुटायचं. आता कळतं आणि मध्ये एखादा श्वास बसतो. चारपैकी दोनदा तरी तोंड सुटतंच. घरी रोज सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसायला सांगतात. माझा दुपारी व्यवहार आटोपल्यावर गोण्यांच्या थप्पीमागे अर्धा तास होतो. बीपीची गोळी चालूच आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती सोडणार नाही. मनाच्या आजाराचं औषध चालू असेल तर अर्जात लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि १० दिवस पूर्ण राहायची तयारी नसेल तर दुसऱ्याची जागा अडवू नका.

सैल पायजमे जास्तीचे न्या. उशा तिथे मिळतात, पहिल्याच दिवशी गुडघ्याखाली घ्या. मी लाजून घेतली नाही आणि चौथ्या दिवशी माझ्याभोवती पाच उशांचा किल्ला उभा होता.