ओपनस्टॅक सिंडर + सेफ: बरेच महिने चालवल्यावरचा अनुभव

आमचा प्रायव्हेट क्लाउड ओपनस्टॅक या ओपन-सोर्स क्लाउड सॉफ्टवेअरवर आहे, व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) डिस्क सांभाळायला त्यातलं सिंडर आणि त्याच्यामागे सेफ, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करणारं स्टोरेज; त्यातल्या व्हर्च्युअल डिस्कना आरबीडी म्हणतात. सेटअप कसा करायचा याची माहिती ढीगभर मिळते, पण रोज चालवताना काय होतं ते फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे लिहितोय.

चांगलं आधी सांगतो. बेस इमेज (ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत) रॉ फॉरमॅटमध्ये सेफमध्येच ठेवली असेल तर तिच्यावरून बूट व्हॉल्यूम (व्हीएम जिच्यावरून सुरू होते ती डिस्क) काही सेकंदात तयार होतो, कारण खरी कॉपी होतच नाही, कॉपी-ऑन-राइट क्लोन होतो, म्हणजे बदललेला भागच वेगळा लिहिला जातो. तीच इमेज क्यूकाऊ2 या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये असली की आधी डाउनलोड, मग रॉमध्ये कन्व्हर्ट, मग परत सेफमध्ये लिहिणं, आणि मोठी इमेज असेल तर बसा वाट बघत. चालू व्हीएमला जोडलेला व्हॉल्यूमही वाढवता येतो, ही सोय ओपनस्टॅकच्या 2017 च्या पाइक रिलीजमध्ये आली, आरबीडीसाठी मात्र त्यानंतर. फक्त सिंडरने डिस्क वाढवली म्हणून आतली फाइलसिस्टिम आपोआप वाढत नाही, ती आत जाऊन वाढवावी लागते. आणि कमी करायची सोयच नाही, म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो की लहान घ्या, लागेल तसा वाढवा.

आता खरा त्रास, डिटॅच, म्हणजे व्हीएमपासून व्हॉल्यूम सोडवणं. व्हॉल्यूम 'डिटॅचिंग'वर अडकतो आणि मग सिंडरचा डेटाबेस एक सांगतो, नोव्हाचा (व्हीएम चालवणारा ओपनस्टॅकचा भाग) दुसरंच आणि हायपरवायझरवर, म्हणजे व्हीएम जिथे चालतात त्या सर्व्हरवर, लिबवर्ट (तिथलं व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) तिसरंच. अशा वेळी सगळ्यांचा हात पहिला रिसेट-स्टेटकडे जातो, पण ती कमांड फक्त सिंडरच्या डेटाबेसमधली नोंद बदलते, खाली डिस्क जिथल्या तिथेच जोडलेली राहते. मग स्क्रीनवर 'अव्हेलेबल' दिसतंय म्हणून तोच व्हॉल्यूम दुसऱ्या व्हीएमला लावला आणि पहिली अजून लिहितेय, तर फाइलसिस्टिमची वाट लागलीच समजा. म्हणून आमच्या टीमचा नियम ठरलेला आहे: आधी हायपरवायझरवर वर्शने (लिबवर्टची कमांड) त्या व्हीएमच्या डिस्कची यादी बघायची, मग आरबीडी स्टेटसमध्ये त्या व्हॉल्यूमच्या आरबीडी इमेजवर कोणी वॉचर (ती अजून उघडून बसलेला क्लायंट) आहे का ते बघायचं. वॉचर दिसला तर रिसेट नाही म्हणजे नाही, कितीही घाई असू दे. आणि डिटॅच करायच्या आधी आतून अनमाउंट, ही साधी सवय लागली की निम्मी डोकेदुखी टळते. हो, आणि एफएसटॅबमध्ये (लिनक्समधली माउंटची यादी) व्हीडीबी वगैरे डिस्कची नावं लिहू नका, यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा कायमचा ओळख क्रमांक) च लिहा, परत जोडल्यावर नाव तेच राहील याची खात्री नसते.

जागेवर बारीक लक्ष हवं. सगळं थिन असतं, म्हणजे जागा लिहिल्यावरच खर्च होते, त्यामुळे वाटलेली जागा खऱ्या जागेपेक्षा आरामात जास्त होते, वर प्रत्येक गोष्टीच्या साधारण 3 प्रती. व्हीएमच्या आत फाइल्स उडवल्या तरी सेफला ते कळत नाही, डिस्कार्ड (मोकळी जागा खाली कळवायची सोय) चालू ठेवून आतून एफएसट्रिम ही कमांड चालवावी लागते. सेफ डीफॉल्टला ओएसडी (सेफमधली एक डिस्क) 85 टक्के भरला की वॉर्निंग देतं आणि 95 ला लिहिणं थांबवतं, आणि ते थांबलं की एका व्हीएमचं नाही, त्या पूलवरच्या (सेफमधला जागेचा गट) सगळ्यांचंच थांबतं. आम्ही 85 ची वाट बघत नाही, 70 च्या आसपासच नवीन डिस्कची तयारी सुरू करतो.

क्यूओएसबद्दल (डिस्कच्या वेगाच्या मर्यादा) एवढंच, व्हॉल्यूम टाइपला आयओपीएसची (सेकंदाला किती वाचणं-लिहिणं) मर्यादा नक्की लावा, नाहीतर एकच व्हीएम सगळ्यांना स्लो करते. पण आधीपासून जोडलेल्या व्हॉल्यूमला नवी मर्यादा लगेच लागत नाही, परत जोडल्यावरच लागते.

स्नॅपशॉटला (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) कृपया बॅकअप म्हणू नका, तो त्याच क्लस्टरमध्ये असतो, क्लस्टर गेलं तर तोही गेला. शिवाय चालू व्हॉल्यूमचा फोर्सने घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्क जशी असेल तशी, त्यामुळे डेटाबेसच्या व्हीएमवर आम्ही आधी एफएसफ्रीझ करतो (फाइलसिस्टिमवर लिहिणं थोडा वेळ थांबवतो), स्नॅपशॉट घेतो, लगेच अनफ्रीझ करतो, आणि त्या स्नॅपशॉटवरून सिंडर बॅकअप वेगळ्या स्टोरेजवर पाठवतो. तो बॅकअपही अधूनमधून नव्या व्हॉल्यूमवर रिस्टोर करून, व्हीएमला जोडून, डेटाबेस खरंच उठतो का ते बघतो.